माशी, रिब आणि डोळा
प्रस्तावना

बँकेच्या दाराशी स्टूल टाकून बसलेल्या रखवालदाराची दुनळी बंदूक आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली असते; निरखून मात्र क्वचितच कोणी पाहिलेली असते. दोन नळ्यांच्या मधोमध, अगदी टोकाला, एक बारीकसा पितळी मणी असतो. तीच माशी. डोळ्याकडच्या बाजूला मात्र काहीच नसते. रायफलीला पुढे माशी आणि मागे खाच किंवा छिद्र असते. दोन्ही एका रेषेत आणून लक्ष्याला भिडवली की नेम धरला गेला. छऱ्याच्या बंदुकीत ही मागची अर्धी व्यवस्था सहसा कारखान्यातून येतच नाही. परवान्याचे सगळे सोपस्कार उरकून पहिली बारा बोअर घरी आणलेल्या माणसाला साहजिकच वाटते, की काहीतरी द्यायचे राहून गेले. मग चौकशी सुरू होते. लाल ठिपक्याची साइट बसवू का? हिरवी चमकणारी काडी लावू का? दुर्बीण चालेल का? दुकानदार अर्थातच कशालाच नाही म्हणत नाही.

हे पुस्तक त्या माणसाने दुकानात जाण्याआधी वाचावे म्हणून लिहिले आहे. त्यातला मुख्य मुद्दा इथेच सांगून टाकतो, कारण पुढची सगळी प्रकरणे त्यावरच उभी आहेत. छऱ्याच्या बंदुकीला मागची साइट असते. ती म्हणजे मारणाऱ्याचा डोळा. तो डोळा नळीच्या मागे कुठे येऊन थांबणार, हे दस्ता ठरवतो. म्हणून साइट निवडायची तर आधी दस्ता पाहायचा, मग आपल्या दोन डोळ्यांपैकी मालकी कोणाची ते पाहायचे, मग या बंदुकीकडून काय काम करून घ्यायचे आहे ते ठरवायचे, आणि सगळ्यात शेवटी माशीचा आकार, रंग आणि किंमत. बाजारात हा क्रम बरोबर उलटा चालतो.

महाराष्ट्रात नेमबाजी म्हटले की डोळ्यांपुढे रायफल येते, आणि त्याला कारणही तसेच आहे. अंजली भागवत, २०१० साली म्युनिकला जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्यपदक आणणारा स्वप्नील कुसाळे, ही सगळी रायफलची माणसे. पुण्या-कोल्हापूरच्या रेंजवर मुलाच्या कानावर सुरुवातीलाच पडते ते हे, की पुढची माशी स्वच्छ दिसली पाहिजे, लक्ष्य जरा पुसट झाले तरी चालेल. मागच्या डायॉप्टरचे बारीक छिद्र, त्यातून दिसणारी पुढची गोल कडी आणि कडीच्या मधोमध काळे वर्तुळ. ५० मीटरवरच्या त्या लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते. पण ते जागचे हलत नाही. श्वास सोडायला, थांबायला, मनासारखे जुळले नाही तर बंदूक खाली घ्यायला नेमबाजाला वेळ असतो.

हाच मुलगा ट्रॅपच्या मैदानावर उभा राहिला, की इतक्या कष्टाने अंगात मुरवलेली शिस्तच त्याच्या आड येते. समोर १५ मीटरवर खंदक. आवाज दिला की त्यातून ११ सेंटिमीटर व्यासाची, साधारण १०५ ग्रॅम वजनाची तबकडी सुटते. डावीकडे, उजवीकडे की सरळ, ते आधी कळत नाही. यंत्राचा जोर असा बांधलेला असतो, की फुटली नाही तर ती ७६ मीटरवर जाऊन पडावी. दोन बार काढायची मुभा असते, पण पाहण्यासारखा असतो तो पहिला, आणि तो बहुधा सेकंदाच्या आत निघतो. काडतुसात जास्तीत जास्त २४.५ ग्रॅम शिसे, म्हणजे साडेसात नंबरचे सुमारे तीनशे छर्रे. एवढ्या वेळात माशी शोधायला गेले तर तबकडी केव्हाच पसार झालेली असते.

माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिर होतो. माशी डोळ्यापासून साधारण मीटरभर आणि तबकडी तीस-पस्तीस मीटरवर. दोन्ही एकदम स्वच्छ दिसणे शक्य नाही. रायफलवाल्याने यातली माशी निवडायची, तबकडी मारणाऱ्याने तबकडी. विटीदांडू खेळलेल्याला हे वेगळे समजवावे लागत नाही: उडालेल्या विटीला टोला हाणताना दांडूच्या टोकाकडे कोण बघतो?

थोडे गणित मांडू, म्हणजे हे नुसते मत राहणार नाही. आडवी जाणारी तबकडी ताशी ९० किलोमीटर वेगाने चालली आहे असे धरा. म्हणजे सेकंदाला २५ मीटर. छर्रे नळीतून सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास वेगाने निघतात, पण गोल आणि हलके असल्याने वाटेत झपाट्याने मंदावतात. तीस मीटर कापायला त्यांना साधारण सेकंदाचा अकरावा भाग लागतो. तेवढ्यात तबकडी सव्वादोन मीटरच्या आसपास पुढे सरकलेली असते. थांबलेल्या बंदुकीने, माशी नेमकी तबकडीवर धरून चाप ओढला, तर अख्खा घोस तिच्या मागून निघून जातो. म्हणून पुढे मारायचे, ज्याला रेंजवर लीड म्हणतात, आणि नळी फिरती ठेवायची. नळी थांबली की संपले. ती थांबते कधी, तर डोळा तबकडीवरून निघून ‘बरोबर आहे ना’ हे पाहायला माशीकडे आला की. आडव्या तबकड्या मागून सुटण्याचे सगळ्यात नेहमीचे कारण हेच, आणि दुकानातली कोणतीही साइट ते दूर करत नाही. काही साइट तर वाढवतात.

मग माशी ठेवायचीच कशाला? माशीचा स्क्रू काढून ठेवा आणि आठवडाभर तसेच मारा, असे सांगणारे प्रशिक्षक जगभर आहेत, आणि त्यांच्या शिष्यांचे गुण त्याने फारसे घसरत नाहीत. माझे मत इतके टोकाचे नाही. बंदूक खांद्याला लागल्यावर, आवाज देण्याआधी, नळी आपल्या डोळ्याखाली सरळ आहे की नाही याची खातरजमा करायला माशी उपयोगी पडते. ट्रॅपच्या बऱ्याच बंदुकांवर नळीच्या मध्यावर आणखी एक बारीक मणी असतो, तो याचसाठी. पुढचा मणी मागच्यावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा बसलेला दिसला की डोळा जागेवर आहे असे समजायचे, आणि मग दोन्ही मणी विसरायचे. तबकडी सुटल्यावर माशीने दृष्टीच्या कडेला नुसते असावे. पुढे पुढे करू नये.

आता दस्ता. या पुस्तकातले सगळ्यात लांब प्रकरण दस्त्यावर आहे, आणि साइटच्या पुस्तकात हे कशाला, असे कोणी विचारले तर त्याने पुढचा प्रयोग करून पाहावा. रेंजवर, रेंज अधिकाऱ्याच्या परवानगीने, १६ मीटरवर मोठा कागद लावा. जुनी वर्तमानपत्रे खळीने चिकटवून केलेला ताव चालतो. मधोमध रुपयाएवढा काळा ठिपका काढा. आता ठिपक्यावर नेम धरायचा नाही. नजर ठिपक्यावर ठेवायची, बंदूक खाली घ्यायची, नेहमीच्या सवयीने वर आणायची आणि खांद्याला टेकताक्षणी बार काढायचा. माशीकडे बघून दुरुस्ती करायची नाही. त्याच तावावर असे चार-पाच बार काढा. कागदाची चाळण होईल, आणि त्या चाळणीचा दाट भाग कुठे आहे ते डोळ्यांना आपोआप दिसेल.

तो दाट भाग ठिपक्याच्या १० सेंटिमीटर डावीकडे आला असे समजा. डोळ्यापासून माशी एक मीटरवर आणि कागद सोळा मीटरवर, म्हणजे प्रमाण एकास सोळा. कागदावरचे १०० मिलिमीटर म्हणजे डोळ्याच्या जागेतले जेमतेम सहा मिलिमीटर. तुमचा डोळा नळीच्या मधोमध नसून सहा मिलिमीटर डावीकडे आहे, एवढाच याचा अर्थ. दस्त्याच्या वरच्या काठावर गाल टेकतो, तो काठ जाड असेल तर असे होते. दस्ता लांब-आखूड असल्यानेही होते. मारा खाली येत असेल तर काठ बुटका आहे आणि डोळा नळीच्या पाठीमागे दडतो आहे. तिथे चामड्याचे किंवा फेल्टचे पातळ थर चिकटवत, दर थराला नवा ताव लावून मारत गेले, की दाट भाग मिलिमीटरा-मिलिमीटराने चढताना दिसतो. चार पैशांच्या फेल्टने जे साधते, ते हजारो रुपयांची साइट बसवूनही साधत नाही. कारण साइट बसवली तरी गाल जिथे पडायचा तिथेच पडतो.

ट्रॅपवाले मुद्दाम बंदूक थोडी वर मारणारी ठेवतात. तबकडी वर चढत असते. मारा नेमक्या रेषेत असेल तर ती फोडण्यासाठी नळीने तिला झाकावे लागते. साठ टक्के छर्रे रेषेच्या वर आणि चाळीस खाली, किंवा सत्तर-तीस, अशी त्यांची भाषा असते. स्कीट या तबकड्यांच्या दुसऱ्या खेळातल्या नेमबाजाला असे उंच मारणारे हत्यार नको असते. त्यामुळे मित्राची बंदूक त्याच्या हातात अप्रतिम चालते म्हणून तीच आपण घ्यावी, हा हिशेब फसतो. त्याचा खेळ वेगळा, गाल वेगळा, मान वेगळी.

डोळ्यांच्या मालकीकडे तर आपल्याकडे जवळजवळ कोणीच लक्ष देत नाही. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये लहानशी खिडकी करा, दोन्ही डोळे उघडे ठेवून तिच्यातून दूरचा विजेचा खांब पाहा, आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. जो मिटल्यावर खांब खिडकीतून नाहीसा होतो, तो तुमचा मालक डोळा. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा मालक डोळा डावा निघाला, तर मेंदू माशीची सांगड भलत्याच डोळ्याशी घालतो आणि मारा मीटरभर बाजूला जाऊ शकतो. यावर उपाय आहेत: खांदा बदलणे, चष्म्याच्या डाव्या काचेवर दृष्टिरेषेपुरता धूसर चिकटपट्टीचा तुकडा लावणे, बार काढण्याच्या क्षणी डोळा मिटणे. पहिला उपाय सर्वांत अवघड आणि, वय लहान असेल तर, सर्वांत उत्तम. जुन्या इंग्रज कारागिरांनी अशा लोकांसाठी उजव्या खांद्यावर टेकून डाव्या डोळ्यासमोर नळी आणणारे वाकडे दस्तेही घडवले. दिसायला ते विचित्र दिसतात. पण त्या कारागिरांना रोग कुठे आहे ते कळले होते, एवढे त्यावरून दिसते.

रिब म्हणजे नळीवरची ती लांब पट्टी. तिचे एक काम साधे आहे: लागोपाठ बार काढल्यावर नळी तापते, वरची हवा थरथरते आणि तबकडी पाण्याखाली असल्यासारखी दिसू लागते; जाळीदार, उचललेली रिब तो त्रास कमी करते. दुसरे काम डोळ्याला चकवण्याचे आहे. लंडनचे बंदूककार रॉबर्ट चर्चिल यांनी पंचवीस इंची नळ्यांच्या बंदुका विकायला काढल्या, तेव्हा आखूड नळी नजरेला थिटी वाटते ही तक्रार येणार हे उघड होते. त्यांनी तिच्यावर अरुंद, उंच आणि पुढे निमुळती होत जाणारी रिब बसवली. त्यामुळे नळी आहे त्यापेक्षा लांब भासते. साइटच्या जाहिराती वाचताना मला हे उदाहरण हटकून आठवते. नेमबाजाला काय दिसते याचा विचार करून त्याला मदत करणे, आणि दिसण्याजोगे काहीतरी त्याच्या नजरेपुढे आणून टाकणे, या फार निराळ्या गोष्टी आहेत.

फायबरच्या चमकदार काड्या दुसऱ्या प्रकारात मोडतात, निदान तबकडीपुरत्या. रंगीत प्लॅस्टिकची ती काडी आजूबाजूचा उजेड गोळा करून टोकाशी ठिणगीसारखी चमकते. संधिप्रकाशात, झाडीखाली, जिथे पितळी मणी दिसेनासा होतो, तिथे ती खरेच कामाची. भर उन्हात मात्र ती डोळ्याला हाका मारत राहते. घ्यायचीच असेल तर बारीक घ्या, आणि अशी घ्या की जिचा प्रकाश फक्त डोळा बरोबर मागे असतानाच दिसतो. खोल नळीत बसवलेल्या काड्या तशा असतात. त्यातली एखादी मालक डोळ्याच्या दुखण्यावरही थोडाफार उतारा ठरते.

इथवर सगळे बोलणे उडत्या लक्ष्याचे झाले. त्याच बंदुकीत एकच जड गोळी असलेले काडतूस, म्हणजे स्लग, घातले की नियम फिरतात. आता तीनशे छर्रे चूक पोटात घेत नाहीत; एक गोळी, एक जागा. अमेरिकेत ओहायो, आयोवा, इलिनॉय अशा दाट वस्तीच्या, सपाट राज्यांत हरणाच्या शिकारीला वर्षानुवर्षे रायफल चालत नसे, कारण तिची गोळी फार दूर जाते. तिथल्या शिकाऱ्यांनी छऱ्याच्या बंदुकीलाच रायफलीचे काम लावले: आटे पाडलेली नळी, मागे खाच किंवा मोठ्या छिद्राची कडी, नंतर वर दुर्बीण. या मोठ्या छिद्राच्या कडीला घोस्ट रिंग म्हणतात. डोळा जवळ नेला की तिची बारीक कडा विरून जाते आणि फक्त पुढची माशी उरते. पन्नास-साठ मीटरपर्यंत मला ती दुर्बिणीहून सरस वाटते. दुर्बीण लावणाऱ्याने दोन गोष्टी विसरू नयेत. बारा बोअरचा धक्का मोठा असतो, तेव्हा डोळा आणि काच यांत पुरेसे अंतर नसेल तर भुवई फुटते. आणि रायफलीच्या दुर्बिणी साधारणपणे शंभर यार्डांवर जुळवलेल्या असतात, स्लगच्या कामाला त्याहून जवळच्या अंतरावर जुळवलेली हवी. नाही तर डोळा जरा हलला की दुर्बिणीतली फुलीही हलते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला आहे, त्यामुळे स्लगच्या प्रकरणाचा उपयोग प्रामुख्याने परदेशातल्या मराठी वाचकांना होईल.

लाल ठिपक्याच्या साइटबद्दल सगळ्यात जास्त विचारले जाते, म्हणून तिच्यावर अन्याय होऊ नये असा प्रयत्न केला आहे. तिची कल्पना सुंदर आहे. काचेवर परावर्तित होणारा ठिपका डोळ्याला दूरवर तरंगल्यासारखा दिसतो, त्यामुळे नजर लक्ष्यावर ठेवूनही तो स्वच्छ राहतो. माशी की लक्ष्य, हा पेच तिथे उरतच नाही. चाळिशी लागलेल्या, जवळची माशी पुसट दिसणाऱ्या माणसाला तर हा मोठाच दिलासा. स्थिर किंवा सावकाश चालणारे लक्ष्य, स्लग, अगदी आवळ चोकमधून (म्हणजे तोंडाशी निमुळत्या नळीतून) दाट मारा, इथे तिला तोड नाही. पण ती रिबपासून बरीच वर बसते. तिच्यातून पाहायला गाल दस्त्यावरून उचलावा लागला, तर आपण दस्त्याच्या प्रकरणात जे कमावले ते सगळे पाण्यात जाते. गालाखालचा काठही तेवढाच उंच करून घ्यावा लागतो. बंदूक खांद्याला वेडीवाकडी लागली की ठिपका खिडकीतून गायब होतो, आणि माणूस लक्ष्य सोडून ठिपका शोधत बसतो. स्वस्तातली साइट तर धक्के खाऊन खाऊन एक दिवस ढिली पडते किंवा विझते. मारा कागदावर जमलेला असेल त्याने ती घ्यावी. न जमलेल्याला ती जमवून देणार नाही.

ज्यांना स्पर्धेत उतरायचे आहे त्यांचा प्रश्न आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनीच सोडवून टाकला आहे: ट्रॅप आणि स्कीटमध्ये बंदुकीवर मोठे करून दाखवणारे, प्रकाश टाकणारे किंवा नेमाला तशी मदत करणारे कोणतेही साधन चालत नाही. बिकानेरच्या महाराजा करणी सिंग यांनी १९६२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपचे रौप्यपदक मिळवले, राज्यवर्धन राठोड यांनी २००४ मध्ये अथेन्सला डबल ट्रॅपचे. दोघेही रिब, मणी आणि डोळा एवढ्यावरच. आपल्या राज्यात या खेळाकडे फार थोडे वळतात. जागा मोठी लागते आणि प्रत्येक चुकलेली तबकडी काडतुसासकट खिशातून जाते. बारा बोअरची ‘शक्तिमान’ काडतुसे खडकीच्या कारखान्यात तयार होतात आणि ती फोडायला मात्र उत्तरेकडच्या मैदानांवर जावे लागते, हा आपला जुना विनोद आहे.

पुस्तकातल्या मापांबद्दल थोडे. अंतरे आणि दस्त्याची मापे मेट्रिकमध्ये दिली आहेत. बोअर आणि नळीची लांबी मात्र जुन्या पद्धतीनेच, कारण बारा बोअरला १८.५ मिलिमीटर म्हटले तर दुकानात कोणी ओळखणार नाही. दस्ता आणि मालक डोळा यांवरची प्रकरणे बंदूक हातात असताना वाचावीत, पण नळ्या उघडून, आत काडतूस नाही हे स्वतः पाहून आणि दुसऱ्यालाही दाखवून. तावाचे प्रयोग फक्त मान्यताप्राप्त रेंजवरच करायचे आहेत. शेतसंरक्षणाचा परवाना असलेल्यांसाठी वेगळे छोटे प्रकरण आहे. त्यांना घाई असेल तर त्यांनी सरळ ते उघडावे, आणि परवान्यावरच्या अटी त्याच्याही आधी वाचाव्यात.